ऑपरेशननंतरच्या उलट्या : भूल कोणती दिली यावर किती अवलंबून?

कुंभार्ली (धागाकर्ती)

आईच्या पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय, कराडलाच. सर्जन ओळखीचे आहेत, तपासण्या झाल्या, फिटनेसही मिळाला. अडलंय ते आईपाशी. ती म्हणते, "दुखेल ते सोसेन गं, पण त्या उलट्या नकोत."

२००९ मध्ये तिचं गर्भाशय पोट उघडून काढलं होतं, पूर्ण भूल देऊन. शुद्धीवर आल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओकाऱ्या चालू. पोटात काहीच नाही, नुसते कोरडे उमासे, आणि प्रत्येक उमाशाला टाक्यांवर उशी दाबून धरायची. विचारलं तर "भुलेनं होतं कधीकधी" एवढंच उत्तर मिळालं.

तशी तिला गाडी लागतेच. चिपळूणला माहेरी जायचं म्हटलं की घाट सुरू व्हायच्या आधी पिशवी हातात. वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर काठावर.

भुलेचा प्रकार बदलला तर उलट्या टळतात का? शेजारच्या काकू म्हणतात, गॅसऐवजी सलाईनमधून भूल दिली की काही होत नाही. मामा म्हणतो, कमरेत इंजेक्शन द्यायला सांग. इथे कोणी भूलतज्ज्ञ असतील तर प्लीज लिहा.

टकमक

माझ्या बायकोला सिझेरियनच्या वेळी कमरेतच दिलं होतं. तरी टेबलावरच मळमळायला लागलं. मामांना सांगा, हमी नाही.

आंबटचुका

ऑपरेशनच्या सकाळी आलेपाकाची वडी द्या. आमच्या घरी प्रवासाला निघताना हाच उपाय. रामबाण.

सिस्टर_वनिता

@आंबटचुका, कृपा करून असं काही देऊ नका हो! ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं. वडी खाल्ली म्हणून केस पुढे ढकललेली मी पाहिली आहे. चहासोबत बिस्किट खाऊन "काही खाल्लं नाही" म्हणणारे तर रोजचेच.

भूलथाप

मी भूलतज्ज्ञ. (आयडीला हसू नका, बाकीचे सगळे गेले होते.)

@कुंभार्ली, घाटातल्या पिशवीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. भूल देणाऱ्याला हे आधी कळायला हवं, आणि बहुतेक वेळा कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही.

आप्फेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक साधा हिशेब मांडला. पूर्ण भुलेनंतर कोणाला उलट्या होणार हे चार गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येतं. रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी आहे का, आधी कधी भुलेनंतर उलट्या झाल्यात का किंवा गाडी लागते का (हे दोन्ही मिळून एकच गुण), आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणार का. एकही गुण नसेल तर धोका साधारण १० टक्के, मग एकेका गुणाला २०, ४०, ६० आणि चारही असतील तर ८०.

तुमच्या आईचे तीन गुण तर घरीच झाले. चौथा आमच्या हातात आहे.

आता भुलेचं. पूर्ण भुलेत बहुतेक ठिकाणी शिरेतून औषध देऊन झोपवतात आणि पुढे वाफेवर ठेवतात: आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन. सोबत अनेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस. या वाफा उलटी आणतात. काकू म्हणतात ती दुसरी पद्धत: सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रोपोफॉल नावाचं पांढरं, दुधासारखं औषध पंपाने शिरेतून देत राहायचं, वाफ अजिबात नाही. आम्ही तिला टिवा म्हणतो. हिच्यात उलट्या कमी होतात, हे खरं. "काही होत नाही" हे खरं नाही.

२००४ मध्ये आप्फेल यांच्याच गटाने पाच हजारांहून जास्त रुग्णांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा उपाय वेगवेगळ्या जोड्या करून तपासले. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, ड्रोपेरिडॉल या उलटी रोखणाऱ्या तीन इंजेक्शनांनी प्रत्येकी धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. वाफेऐवजी प्रोपोफॉल वापरल्याने १९ टक्क्यांनी, नायट्रस टाळल्याने १२ टक्क्यांनी. फेंटानिलऐवजी रेमिफेंटानिल (दोन्ही अफूच्या जातीचीच) वापरून काही फरक पडला नाही. म्हणजे अख्खी टिवा पद्धत (वाफही नाही, नायट्रसही नाही) मिळून एका साध्या इंजेक्शनाइतकी ताकदवान. त्यातून महत्त्वाचं कळलं ते हे की हे उपाय एकमेकांच्या आड येत नाहीत, प्रत्येक जण उरलेल्यातला आपला वाटा कापतो.

आईंचा हिशेब करून बघा. ८० पासून सुरुवात. डेक्सामेथासोनने ५९. ऑन्डान्सेट्रॉनने ४४. वाफ टाळली की ३५-३६. नायट्रस टाळला की ३१. तिसरं इंजेक्शन जोडलं तर २३ च्या आसपास. शून्य कधीच होत नाही, पण पाचात चार जणींना होणारं पाचात एकीवर आणता येतं.

निवांत

ओढणाऱ्यांना उलट्या कमी होतात?? हे बायकोला वाचून दाखवतो.

भूलथाप

@निवांत, दाखवा, पण पुढचंही वाचून दाखवा. ओढणाऱ्यांची छाती भुलेत आम्हाला जो त्रास देते त्यापुढे दोन उलट्या परवडल्या.

मशेरी_बंद

आणि मशेरी लावणाऱ्यांचं काय? आमच्या गावाकडं निम्म्या बायका लावतात.

भूलथाप

गुणांकात फक्त धूम्रपान धरलंय, मशेरीला सवलत नाही :)

परसदार

डॉक्टर, एक सांगा, एवढं सगळं माहीत असताना २००९ मध्ये या बाईंना तसंच सोडून का दिलं? माझा अनुभव असा की उलटी ही डॉक्टरांच्या लेखी किरकोळ बाब. ऑपरेशन यशस्वी, पेशंट ओकतोय, सगळे खूश.

भूलथाप

टोमणा मान्य. जीव जात नाही म्हणून याकडे दुर्लक्ष झालं, आजही होतं. १९९९ मध्येच अमेरिकेत एक पाहणी झाली होती. भुलेनंतरच्या कोणकोणत्या त्रासांपासून वाचायला आवडेल, याचा क्रम रुग्णांना लावायला सांगितला. उलटी पहिल्या नंबरवर आली, जखमेच्या दुखण्याच्याही वर. आईंचं "दुखेल ते सोसेन" हे अगदी तेच.

आणि किरकोळ ती नाहीच. उमाशाने टाक्यांवर ताण येतो, कातडीखाली रक्त साचू शकतं, तोंडाने औषध-पाणी घेता येत नाही, घरी सोडणं लांबतं. डोळ्याच्या किंवा मानेच्या ऑपरेशननंतर तर सर्जनच्या पोटात गोळा येतो.

सिस्टर_वनिता

मी बरीच वर्षं रिकव्हरीत आहे, माझं निरीक्षण लिहिते. पहिल्या तासा-दोन तासात ओकणारे वेगळे आणि वॉर्डात गेल्यावर रात्री ओकणारे वेगळे. पहिले पटकन आवरतात. दुसऱ्यांचा त्रास रात्रभर चालतो, आणि तो बहुतेक वेळा दुखण्याचं इंजेक्शन लागलं की सुरू होतो. सर, असंच आहे ना?

भूलथाप

अगदी. या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा वनिताताईंनी मांडला.

आप्फेल यांचाच २००२ चा एक अभ्यास आहे, त्यात हे स्पष्ट दिसतं. पहिल्या दोन तासांतल्या उलट्यांचं मुख्य कारण वाफेची भूल, आणि जितका वेळ वाफ जास्त तितका धोका जास्त. त्यानंतरच्या उलट्यांशी वाफेचा फारसा संबंध उरत नाही. तिथे रुग्णाची मूळ प्रकृती आणि नंतर दिलेली अफूवर्गीय औषधं यांचा हात असतो. कारणही सरळ आहे. वाफ श्वासावाटे निघून जाते. मॉर्फिन, ट्रामाडॉल मात्र आपण नंतर पुन्हा पुन्हा देत राहतो.

मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला एक छोटा भाग असतो, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा मुद्दामच पातळ असतो. रक्तात विष आलं की ते हुंगून उलटी करवायची, हे त्याचं काम. अफूवर्गीय औषधं तिथे थेट बोट ठेवतात. शिवाय ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेलाही हळवं करतात, म्हणून स्ट्रेचर वळवलं, कूस बदलली की उमासा येतो. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना हे जास्त का होतं, ते इथे कळतं.

आपल्याकडे ऑपरेशननंतर ट्रामाडॉल सर्रास लावतात. स्वस्त आहे, सहज मिळतं, मॉर्फिनसारखी कागदपत्रांची कटकट नाही. पण उलटीच्या बाबतीत ते फार खट्याळ औषध, त्यातून भराभर दिलं तर विचारू नका. गंमत अशी की उलटी थांबवायला जे ऑन्डान्सेट्रॉन देतो, त्याने ट्रामाडॉलचा दुखणं थांबवण्याचा गुण थोडा उतरतो. मग दुखतं म्हणून आणखी ट्रामाडॉल, म्हणून आणखी उलटी.

माझं स्पष्ट मत: दुपारपर्यंत चाललेली आईंची ती ओकारी एकट्या गॅसवर ढकलता येत नाही. या वेळी टिवा दिली आणि रात्री वॉर्डात ट्रामाडॉलची बाटली लावली, तर निम्मं काम वाया जाईल.

त्यामुळे चौथा गुण वाचवायचा. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ते जमण्यासारखं आहे. छिद्रांच्या जागी सर्जनने बधिरतेचं औषध भरायचं, किंवा भूलतज्ज्ञाने पोटाच्या भिंतीतल्या नसांचा ब्लॉक द्यायचा. वरून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखायची वाट न बघता. किडनी आणि जठर ठीक असेल तर डायक्लोफेनॅकसारखं काही. एवढ्यावर बऱ्याच जणींचं भागतं.

कुंभार्ली

बाप रे, केवढं लिहिलंत! आभार. आईला ट्रामाडॉल दिलं होतं का ते कळायला मार्ग नाही, जुनी फाइल सापडत नाही. कमरेतल्या इंजेक्शनचं मात्र राहिलं. आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ना? साखर काठावर आहे तिची.

भूलथाप

कमरेतलं. दुर्बिणीतून पित्ताशय कमरेतल्या भुलेखाली काढल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. पण पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि खांदा दुखतो, तो खांदा काही कमरेतल्या इंजेक्शनने बधिर होत नाही. भूल छातीपर्यंत चढवावी लागते, त्याने रक्तदाब घसरतो. आईंना रक्तदाबाची गोळीही आहे. मी पूर्ण भूलच पसंत करेन.

एरवी हात-पाय, हर्निया, प्रोस्टेट अशा ठिकाणी पूर्ण भूल टाळून भाग बधिर केला तर उलट्या नक्की कमी होतात. पण तिथेही वाट वेगळी, त्रास तोच असं होऊ शकतं. @टकमक यांच्या पत्नीला टेबलावर मळमळलं त्याचं बहुधा कारण रक्तदाब एकदम खाली जाणं. पायाकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पोचतं, आणि बाई म्हणते "कसंतरी होतंय". अशा वेळी उलटीचं इंजेक्शन शोधत बसायचं नसतं, आधी दाब वर आणायचा. फिनाइलेफ्रिन वेळेवर दिलं की मिनिटा-दोन मिनिटात मळमळ जाते.

सिझेरियनमध्ये आणखी कारणं असतात. शिवताना गर्भाशय पोटाबाहेर काढून ठेवलं तर ओढ बसते. रक्तस्राव थांबवायला दिलेलं मेथरजिन तर उलटीसाठी प्रसिद्धच. आणि कमरेतल्या इंजेक्शनात मॉर्फिन मिसळलं असेल तर दुखणं छान थांबतं, पण खाज आणि मळमळ दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ सोडत नाही.

डेक्सामेथासोन: हो, स्टिरॉइड आहे, पण एकच डोस, ४ ते ८ मिलिग्रॅम. साखर दिवसभर थोडी वर जाते, ती तपासत राहायची. काठावर साखर असेल तर मी ४ देऊन मोकळा होतो. जखमेत पू होईल अशी भीती पूर्वी असायची. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ८ मिलिग्रॅम देऊन मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, मधुमेहीही होते त्यात. जंतुसंसर्ग वाढलेला दिसला नाही.

यात वेळेलाही महत्त्व आहे. डेक्सामेथासोनला अंमल चढायला वेळ लागतो, ते सुरुवातीला द्यायचं. ऑन्डान्सेट्रॉन शेवटी. उलट केलं तर दोन्हीचा उपयोग कमी.

सिस्टर_वनिता

आणि डेक्सा पेशंट झोपल्यावरच! जागेपणी भरकन ढकललं तर नको त्या जागी अशी काही आग होते की आजोबासुद्धा टेबलावर उठून बसतात. नवीन मुलींना मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते.

टकमक

😂 आणि मेथरजिनचं आज कळलं. धन्यवाद डॉक्टर. तिला वाटत होतं, सकाळी चोरून घेतलेल्या चहामुळे झालं.

लीड्सकर

इंग्लंडमधून. गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, टिवा होती. माझा आधीचा अनुभव आईंसारखाच होता, तो भूलतज्ज्ञांना सांगितला तर त्या लगेच म्हणाल्या, मग वाफ नकोच. उठलो तेव्हा दुपारची झोप काढून उठल्यासारखं वाटलं, चक्क भूक लागली होती. पण कपाळावर एक पट्टी चिकटवली होती आणि हात चादरीबाहेर ठेवला होता, ते कशासाठी?

भूलथाप

चांगला प्रश्न, कारण टिवाची दुसरी बाजू त्यात आहे.

वाफ दिली की मशीन प्रत्येक श्वासागणिक दाखवतं, रुग्णात किती वाफ आहे. शिरेतल्या औषधाचं तसं मोजमाप होत नाही. सुई निसटली, नळी पिळली, पंप संपला, तर औषध पोचत नाही, आणि स्नायू सैल करणारं औषध आधी दिलेलं असेल तर जागा झालेला रुग्ण बोटही हलवू शकत नाही. तुमच्याच देशात २०१४ मध्ये भुलेत जाग येण्याच्या घटनांची मोठी राष्ट्रीय तपासणी प्रसिद्ध झाली. शिरेतली भूल आणि स्नायू सैल करणारं औषध ही जोडी असेल तिथे जास्त सावध राहा, असं तीत निघालं. म्हणून सुईची जागा डोळ्यांसमोर ठेवतात आणि कपाळावरची पट्टी मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली सांगते. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण म्हणूनच मी नीट पंप आणि पट्टी असल्याशिवाय टिवा करत नाही.

आपल्याकडे छोट्या नर्सिंग होममध्ये ही अडचण आहे. भूलतज्ज्ञ तिथे पगारी नसतो, आपली बॅग घेऊन सकाळी इथे, दुपारी तिथे असा फिरता. पंप असेल तर असेल. अशा ठिकाणी हट्टाने टिवा मागण्यापेक्षा साधी वाफेची भूल, नायट्रस वगळून, दोन-तीन प्रतिबंधक इंजेक्शनं आणि ट्रामाडॉलला फाटा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. वरचा हिशेब परत बघा: टिवाचा वाटा एका इंजेक्शनाएवढाच आहे.

ओटी_टेक्निशियन_सातारा

नायट्रसबद्दल: निळी सिलिंडर अजून बऱ्याच ठिकाणी फिरतायत. आमच्याकडे जुने सर नायट्रसशिवाय भूल देतच नाहीत, नवीन मॅडम हातच लावत नाहीत. दोघांचे पेशंट सारखेच उठतात. मग खरं काय?

भूलथाप

दोघंही बरोबर असू शकतात. नायट्रसचा उलटीवरचा परिणाम वेळेवर अवलंबून आहे. पाऊण तासाच्या केसमध्ये जवळपास फरक नाही, तासाच्या पुढे वाढत जातो. जुने सर छोट्या केसेस करत असतील तर त्यांना कधी जाणवणारही नाही.

इतिहासाचा_कीडा

थोडं अवांतर. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि पुढे शंभर वर्षं लोक ओकतच शुद्धीवर आले. ईथरच्या काळात चारातल्या तिघांना उलट्या व्हायच्या असं म्हणतात. डॉक्टर सांगतायत ते प्रोपोफॉल शोधणारे जॉन ग्लेन हे मुळात जनावरांचे डॉक्टर. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत होते. पहिलं मिश्रण ॲलर्जीमुळे मागे घ्यावं लागलं, मग सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून पांढरं दुधाळ औषध केलं, ते १९८६ मध्ये बाजारात आलं. २०१८ मध्ये ग्लेन यांना वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

माळकरी

अंडं??? कुंभार्ली ताई, तुमच्या आई माळकरी असतील तर बघा बुवा. माझ्या वडिलांना हे कळलं असतं तर ऑपरेशनच रद्द.

भूलथाप

@माळकरी, वाफेच्या भुलेतसुद्धा आधी झोपवायला बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉलच देतात, तेव्हा ते पूर्ण टाळायचं असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावं लागेल, दुसरी औषधं आहेत. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही बहुतेक वेळा चालतं, कारण ॲलर्जी सहसा पांढऱ्या भागाची असते आणि लेसिथिन पिवळ्यातलं.

कुंभार्ली

आई माळकरी नाही, कोकणातली आहे, अंड्याचं तिला काही नाही 😀

अपडेट देते. भूलतज्ज्ञांचा नंबर सर्जनकडून घेतला आणि आदल्या दिवशी फोन केला. घाट, २००९, साखर सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी टेबलावरच भेटलो असतो. त्यांच्याकडे पंप होता पण ती पट्टी नव्हती, म्हणून वाफेचीच भूल दिली. नायट्रस नाही, डेक्सा आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही, छिद्रांत बधिरतेचं औषध. ट्रामाडॉलवर फाइलमध्ये लाल पेनाने काट मारली. संध्याकाळी एकदा मळमळलं, एक उलटी झाली, तेवढीच. तिने रात्री चहा मागितला. दुखलं बऱ्यापैकी, म्हणजे आधीपेक्षा जास्त कुरकुरली, हेही सांगते. ट्रामाडॉल न देण्याची किंमत असेल ती.

भूलथाप

छान. दुखण्याचं खरं आहे. आणि एक उलटी झालीच ना, म्हणून मी शून्य म्हणत नव्हतो.

परसदार

उपाशी ठेवण्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे रात्री दहापासून पाणी बंद आणि नंबर लागला दुपारी दोनला. त्यानेही मळमळतंच की.

भूलथाप

मळमळतं. जगभरचा नियम असा: हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-मांसाहार आठ, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मधुमेह जुना असेल, पोट उशिरा रिकामं होत असेल तर वेगळं. पण यादीत केस मागे-पुढे होते म्हणून "रात्रीपासून काही नको" हे सोयीचं वाक्य चालत आलंय. आपल्या मनाने पाणी पिऊ नका, विचारा: "माझा नंबर दुपारी असेल तर सकाळी सातला पाणी चालेल का?" शिवाय भुलेत सलाईन पुरेसं दिलं तर उलट्या कमी होतात, हे अभ्यासांतून नीट दिसलंय.

आंबटचुका

माझ्या आलेपाकाला सगळ्यांनी हाणलं. बिनऔषधाचं काहीच चालत नाही का मग?

सिस्टर_वनिता

चालतं की! मी स्पिरिटचा बोळा हुंगायला देते. नाकाजवळ धरायचा, सावकाश श्वास घ्यायचा. बऱ्याच जणांना बरं वाटतं.

भूलथाप

त्याला आधार आहे, वनिताताईंचा बोळा फुकटचा नाही. दुसरं, मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मध्ये दाब द्यायचा. चिनी पद्धतीतला बिंदू आहे. मी तरुणपणी हसायचो, पण त्यावर भरपूर चाचण्या झाल्यात आणि उलट्या कमी होतात असं त्यांचं एकत्रित उत्तर आलंय. प्रवासात घालायचे पट्टे मिळतात तेच. इंजेक्शनाऐवजी नाही, सोबत. आलेपाक डिस्चार्जनंतर खुशाल खा.

रेवाची_आई

उशिरा आले धाग्यावर. मुलगी पाच वर्षांची, तिरळेपणाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, दोन्ही डोळे. मला स्वतःला भुलेनंतर खूप उलट्या झाल्या होत्या. मुलांना वर लिहिलेलाच हिशेब लागू होतो का? टिवा मागू का तिच्यासाठी?

भूलथाप

मुलांचा हिशेब वेगळा. वय तीन किंवा जास्त, ऑपरेशन अर्ध्या तासाहून मोठं, तिरळेपणाचं ऑपरेशन, आणि मुलाला किंवा आई-वडील-भावंडांना आधी उलट्या झालेल्या. शून्य किंवा एक गुणाला धोका १० टक्क्यांच्या आसपास, दोनला ३०, तीनला ५५, चारही असतील तर ७०. रेवाचे चारही होतात. तुमच्या स्वतःच्या उलट्या भूलतज्ज्ञाला नक्की सांगा, तो एक गुण त्यामुळेच आहे.

टिवाबद्दल मात्र इथे मी घाई करणार नाही. डोळ्याचे स्नायू ओढले की मुलांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, आणि प्रोपोफॉलवर असताना हे जास्त होतं असं आढळलंय. सांभाळता येतं: सर्जनला क्षणभर थांबायला सांगायचं, ठोके वाढवणारं ॲट्रोपिन भरून तयार ठेवायचं. नेहमी मुलांना भूल देणारा डॉक्टर असेल तर त्याच्यावर सोडा. डेक्सामेथासोन आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही वजनाप्रमाणे द्या, एवढा आग्रह धरा. दुखण्याला पॅरासिटामॉल, आणि अफूवर्गीय शक्य तितकं कमी.

घरी आल्यावर "एक घोट तरी पी" म्हणून तिच्या मागे लागू नका. जबरदस्तीने पाजलेलं पाणी हमखास बाहेर येतं. सलाईन गेलेलं असतं, दोन-चार तास पाणी नाही प्यायली तरी बिघडत नाही. तिने मागितलं की द्या.

रेवाची_आई

हे सासूबाईंना वाचून दाखवावं लागेल. त्यांची लिंबूपाण्याची बाटली आत्ताच तयार आहे. दोन्ही डोळे एकाच वेळी करावेत की वेगवेगळे, यावर वेगळा धागा काढते.